नळाखालची बादली

पाळणाघरात मुलं झोपलेली असताना कुणी आवाज केला की माझं टाळकं सरकतं. म्हणून त्या दुपारी मावशी दारातून ओरडल्या, “ताई, पाणी!” तेव्हा मी आधी ओठांवर बोट ठेवून त्यांच्यावरच डोळे वटारले. मावशी माझ्याकडे मुलं सांभाळतात, आईच्या वेळेपासून आहेत, आणि उगाच ओरडणाऱ्यांतल्या नाहीत. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं ते पायाला गार लागल्यावर.

दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं. धो-धो वगैरे काही नाही, अगदी गुपचूप, चटयांच्या खालून. भिंतीशी ओळीनं लावलेले मुलांचे बूट हलायला लागले होते. बाहेर पाऊस मी म्हणत होता. मी आणि मावशींनी एकेक मूल उचललं आणि वर बाबांच्या पलंगावर नेऊन आडवं निजवलं. बाबा म्हणजे माझे वडील. घर त्यांचं, वर आम्ही दोघं राहतो, खाली माझं पाळणाघर. मुलांतला सगळ्यात गुबगुबीत गडी, ज्याला आम्ही भोपळा म्हणतो, तो या सगळ्या धावपळीत कूसही न बदलता घोरत होता.

पाणी घोट्याच्या वर गेलं नाही. पण संध्याकाळी आई-बाप मुलांना न्यायला आले तेव्हा त्यांना काय दिसलं? चिखल, तरंगून कोपऱ्यात गेलेले बूट, आणि हातात झाडू घेतलेली, केस पिंजारलेली मी. काहींनी दुसऱ्या दिवसापासून मुलं पाठवली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. खरं सांगायचं तर देते, पण मनातल्या मनात.

मग पाळणाघरं तपासणाऱ्या इन्स्पेक्टर मॅडम आल्या. बाई वाईट नाहीत. भिंतीवर हात फिरवला, ओल कुठपर्यंत चढलीय ते पाहिलं, मावशींनी दिलेला चहाही घेतला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “हे बघा, तुम्ही मुलं जीव लावून सांभाळता, मला दिसतंय. पण झोपलेली मुलं आणि जमिनीवर पाणी, हे मी दुसऱ्यांदा चालवून घेऊ शकत नाही. पुन्हा आत आलं तर मला कुलूप लावावं लागेल.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मी पुन्हा चहाला येईन,” त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

हे पाळणाघर आईनं सुरू केलं. मी तिच्या हाताखाली शिकले. रडणारं मूल खांद्यावर कसं टाकायचं, त्याच्या रडण्यावरून भूक कुठली आणि हट्ट कुठला ते कसं ओळखायचं, सगळं तिच्याकडून. ती गेल्यावर लोक म्हणाले, आता बंद कर, दुसरं काहीतरी बघ. मी नाही बघितलं. मला दुसरं काही येत नाही आणि यावंसंही वाटत नाही. त्या खोल्यांना कुलूप लागणार, या विचारानं मी रात्री उठून खालची खोली बघून यायचे.

सगळ्या गल्लीनं गटाराला शिव्या दिल्या. गेली काही वर्षं पावसात पाणी आमच्या दाराच्या जवळजवळ यायला लागलं होतं, आणि दर वर्षी आम्ही गटारालाच शिव्या देत होतो. बाबा तर रोज काठी घेऊन गटाराच्या जाळीत खुपसत बसायचे. नगरपालिकेची माणसं आली, त्यांनी गटार उपसलं. एक चप्पल निघाली, एक फुटका चेंडू निघाला. गटार अगदी व्यवस्थित आहे म्हणाले आणि निघून गेले. मग गल्लीनं नगरपालिकेला शिव्या दिल्या.

आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बाग आहे. बाग सगळ्या गल्लीची. फार पूर्वी तिथली एक इमारत पाडली होती, तिच्या तळघराचा खड्डा तसाच पडून होता. माझ्या लहानपणी लोकांनी त्यात उतरून दगड-विटा वेचल्या, वाफे पाडले, घरटी एक वाफा वाटून घेतला. तिथे लोक भाजी पिकवतात असं तुम्हाला वाटेल. छे! भाजी हे निमित्त. तिथे माती पिकवतात. गणिताच्या बाई शेजारपाजारच्या घरांतून कॉफीचा चोथा गोळा करतात. बेकरीवाले काका कोंडा आणि भट्टीतली राख आणतात. कुणी घोड्यांच्या तबेल्यातलं खत पोत्यानं आणतं आणि दोन दिवस अख्खी गल्ली नाकाला रुमाल लावून फिरते. कुणाच्या वाफ्याच्या फळ्या किती उंच, यावरून लोकांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिलाय.

या सगळ्यांत पहिला नंबर बाबांचा. त्यांची माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली की केकसारखी मोडणारी. आई गेल्यापासून तर घरातलं एक सालही ते बाहेर जाऊ देत नाहीत. मुलांनी अर्धवट टाकलेली केळी, पेन्सिलींचा भुसा, माझे विंचरून निघालेले केससुद्धा. सगळं वाफ्यात. त्यांचा वाफा रस्त्याला लागून, फाटकापाशी, आणि त्यात आईनं लावलेलं लिंबाचं झाड. झाड काही वर्षांपासून पिवळं पडत चाललं होतं. बाबा त्याच्या बुंध्याशी आणखी खत घालायचे. तरी पिवळं पडतंय म्हटल्यावर आणखी.

आता बादलीची गोष्ट सांगते.

त्या आठवड्यात आमच्या घरातला पाइप फुटला, प्लंबरनं पाणी बंद करून ठेवलं. पाळणाघरात पाणी बंद म्हणजे काय होतं ते ज्यांना मुलं आहेत त्यांनाच कळेल. ओल्या दुपट्यांचा ढीग पडलेला, धड एक बादली रिकामी नाही. मी माळ्यावरून आईची जुनी पत्र्याची बादली काढली आणि बागेतल्या नळावर गेले. नळ फाटकापाशीच आहे, सिमेंटच्या खांबात पक्का बसवलेला.

बादली नळाखाली जाईना.

मी तिरकी करून पाहिली. मग दुसऱ्या बाजूनं. बादलीचा काठ तोटीला अडकायचा. मागून गणिताच्या बाई म्हणाल्या, “नाही जायची गं. आजकाल बादल्याच उंच करतात. म्हणून तर आम्ही सगळे झारी वापरतो नाहीतर पाइप लावतो.”

“हो ना, मेले बादल्यांचंसुद्धा माप बदलतात,” मी म्हटलं आणि वैतागून हसले. हसता हसताच माझं लक्ष हातातल्या बादलीकडे गेलं. कडीला आईनं गुंडाळलेली चिंधी अजून होती. याच नळावर, याच बादलीनं आई माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं पाणी भरत होती. बादली भरली की तोटीखाली वाकून तोंड धुवायची, इतकी जागा वर उरायची.

बादली काही वाढली नव्हती. नळ काही खाली आला नव्हता.

मी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, आणि मी रस्त्याकडे खाली बघत होते. चांगलं वीतभर खाली. लहानपणी आम्ही या बागेत उड्या मारत उतरायचो! पावसात इथे तळं साचायचं, बेडूक ओरडायचे, आई दारात उभी राहून म्हणायची, “गेलं बघ सगळं पाणी बागेत, आता बाहेर पडायला हरकत नाही.” आठवडाभरात ते पाणी जमिनीत जिरून जायचं. रस्ता तेवढ्यापुरता ओला व्हायचा, बस्स. पाणी तेव्हाही याच रस्त्यावरून यायचं, पण ते बागेत उतरायचं. आता बाग चढली होती. पाण्याला वळायला एकच बाजू उरली होती, आणि त्या बाजूला माझं दार होतं.

बादली तिथेच टाकून मी घरी गेले.

बाबा जेवायला बसले होते. मी धापा टाकतच सगळं सांगितलं. जरा दमानं सांगायला हवं होतं, पण दम धरणं माझ्या स्वभावात नाही.

“म्हणजे माझ्या मातीमुळे?” बाबांनी चमचा खाली ठेवला.

“तुमच्या एकट्याच्या नाही. सगळ्यांच्या. पण रस्त्याकडेला तुमचाच वाफा आहे ना.”

“सगळ्या गल्लीची गटारं तुंबलेली, नगरपालिका झोपलेली, आणि दोष कुणाचा? तर म्हाताऱ्याच्या वाफ्याचा! वा! तुझ्या आईच्या झाडाला खत घातलं ते चुकलं माझं.”

“बाबा, आईला मध्ये आणू नका.”

“मी नाही आणत. ती आहेच तिथे.” ते ताट तसंच ठेवून उठले.

मला इतका राग आला की मी त्यांचं उरलेलं जेवण तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकलं. राग आला की मी खाते, हे मावशींना माहीत आहे. त्यांनी भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघर उघडताना खिडकीतून पाहिलं. बाबा बागेत होते. आईची बादली त्यांच्या हातात होती. ती ते नळाखाली सरकवायचे, अडली की काढायचे, पुन्हा सरकवायचे. मग बादली बाजूला ठेवून त्यांनी तोटीपासून जमिनीपर्यंत आपली वीत लावली. मी खिडकी हळूच लावून घेतली.

रविवारी बागेत सभा भरली. अध्यक्ष बेकरीवाले काका. त्यांना कुणी निवडलं ते विचारू नका, आवाज त्यांचा मोठा आहे एवढंच. माणूस दिलदार, उरलेली बिस्किटं आजवर मुलांसाठी फुकट पाठवत आलेत. म्हणूनच मला वाटलं होतं, ऐकतील. मी सगळ्यांना नळापाशी नेलं, बादली दाखवली. हसले सगळे. मग दोघांनी वाकून स्वतः बादली सरकवून पाहिली. मग मी म्हटलं, “सगळी बाग नका खोदू. रस्त्याकडेचे पाच-सहा वाफे खाली घेऊ या. पूर्वी होते तेवढे. पाण्याला आत उतरायला तोंड मिळालं की झालं.”

“बरोबर आहे पोरीचं,” बेकरीवाले म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. तो लगेच बाहेर आला, कारण पुढे ते म्हणाले, “पण आत्ता टोमॅटो लाल व्हायला लागलेत गं. हंगाम संपू दे. मग बघू.”

“पाऊस हंगाम संपेपर्यंत थांबणार आहे का, काका?”

“तू असं कर ना,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “उंबरा वाढव. विटांचे दोन थर घाल.”

“घालते की. मग पाणी शेजारी शिंपीकाकांच्या दुकानात जाईल. चालेल का, काका?”

शिंपीकाका तोवर शेवग्याच्या शेंगेसारखे लांब पाय पसरून ऐकत होते, ते ताडकन सरळ बसले. पुन्हा हशा पिकला. मला मात्र रडू यायला लागलं होतं आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. “तुमच्या घरातली नातवंडं माझ्या चटईवर झोपतात!” मी म्हटलं. “तुमच्या मुळ्याला ओल लागली तर रात्रभर झोप येत नाही तुम्हाला. आणि मुलांच्या पाठीला लागली तर?”

“आता हे जास्त होतंय हं,” गणिताच्या बाई म्हणाल्या.

शेवटी हात वर करायला सांगितले. आत्ता खोदायचं म्हणणारे कोण? माझा एक हात. शिंपीकाकांचा अर्धा. मी बाबांकडे पाहिलं. ते आपल्या वाफ्याच्या फळीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. वर आला नाही एकही.

घरी येईपर्यंत मी दातओठ खात होते. जिन्यातच त्यांना गाठलं. “एक हात वर करवला नाही तुम्हाला? सगळ्या गल्लीसमोर मी एकटी?”

“हात वर करून माती खाली जाते का?” ते म्हणाले आणि वर निघून गेले.

सकाळी खणण्याच्या आवाजानं जाग आली. बाबांनी आपल्या वाफ्याच्या रस्त्याकडच्या फळ्या उपटून बाजूला टाकल्या होत्या आणि ते कुदळ मारत होते. वांगी, पालक, कांदे, सगळं उपटून टोपलीत. मी धावत खाली गेले. “बाबा, अहो वय काय, करताय काय! मी माणूस लावते.”

“माझी माती आहे. माणूस कशाला?”

ती माती टाकायची कुठे, हा प्रश्न होता. तो फार वेळ राहिला नाही. बाबांची माती मोकळी झाली ही बातमी तास-दोन तासांत बागभर झाली, आणि जो तो घमेलं घेऊन हजर. गणिताच्या बाईंनी दोन घमेली नेली, झेंडूला चांगली म्हणून. बेकरीवाल्यांनी तर ढकलगाडीच आणली. बाबा खाली उपसत होते आणि लोक तीच माती उचलून आपापल्या वाफ्यांवर चढवत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“बाबा, अहो बाग आणखी उंच होतेय!”

“नेऊ दे,” ते घाम पुसत म्हणाले. “चांगली माती आहे. फेकायची कशी?”

मी उरलेली माती पोत्यांत भरून चढावरच्या शाळेत पोचवायची व्यवस्था केली आणि रोज संध्याकाळी मुलं गेली की बाबांबरोबर खणायला उतरू लागले. आम्ही फार बोलत नव्हतो. पण ते कुदळ मारायचे आणि मी भरायचे, त्यात एक ताल जमला होता. एकदा ते म्हणाले, “तू लहान होतीस तेव्हा इथेच पडली होतीस, हनुवटी फुटली होती.” मी हनुवटीवरची खूण दाखवली. ते हसले.

मग आम्ही लिंबापर्यंत पोचलो.

बुंध्याभोवतीची माती काढत बाबा खाली गेले, आणखी खाली गेले, आणि बुंधा संपेचना. शेवटी एका जागी मुळं फाकलेली दिसली, म्हणजे खरी जमीन तिथे होती. त्याच्या वरचा सगळा भाग इतकी वर्षं मातीत गाडलेला. साल मऊ पडून काळी झाली होती, बोट लावलं की सुटून येत होती. बाबांनी कुदळ खाली ठेवली.

“गळ्यापर्यंत पुरलं मी याला,” ते म्हणाले. “पिवळं पडतंय, पिवळं पडतंय म्हणून घालतच राहिलो.”

“बाबा, तुम्हाला काय माहीत?”

“माळीकाम करणाऱ्याला माहीत नको?”

झाड नेमकं तोंडाशी होतं, जिथून पाणी आत यायला हवं तिथे. वरच्या मातीत त्यानं नवी मुळं सोडली होती, आता तेवढ्यांवरच ते तगलेलं. ती माती काढली तर काय होणार ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं. “राहू द्या,” मी म्हटलं. “याच्याभोवती ढिगारा ठेवू, बाजूनं खणू.”

“बाजूनं खणून किती पाणी मावेल? बोळक्याएवढं?”

“मावेल तेवढं मावेल. आईचं झाड आहे, बाबा.”

“पाळणाघर कुणाचं आहे?” ते म्हणाले.

मला खड्डा हवा होता. सगळ्यांच्या आधी मलाच हवा होता, मीच भांडून मागितला होता. आणि आता तो माझ्यासाठी असा खणला जाऊ नये असंही वाटत होतं. ते एकेक मूळ बोटांनी मोकळं करत होते, तुटलं की थांबत होते. मी तिथे उभी राहू शकले नाही. दुपटी वाळलीत का बघते म्हणाले आणि घरात येऊन मोरीत तोंड धूत बसले.

पाऊस आला तो पुन्हा दुपारीच, मुलं झोपलेली असताना. सकाळपासून कोंदलं होतं. पहिली सर आली, दुसरी आली, आणि मग आभाळ फाटलं. या वेळी मावशी ओरडल्या नाहीत. त्या माझ्याशेजारी येऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

चढावरून गढूळ पाणी रस्ताभर पसरत आलं. बाबा डोक्यावर पोतं घेऊन बागेच्या कडेला उभे होते. पाणी आमच्या दाराकडे निघालं, आणि मध्येच, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वळलं. बाबांनी फळ्या काढल्या होत्या तिथून आत उतरलं. खळखळ आवाज करत उतरत राहिलं. “गेलं बघ बागेत,” माझ्या तोंडून निघालं. मावशींनी पदरानं डोळे पुसले.

पण एका वाफ्याचा खड्डा तो किती! भराभर भरत चालला. पाणी लिंबाच्या बुंध्याला लागलं, वर चढलं. झाड हललं. वारा नव्हता, तरी हललं. मग आधी एका बाजूला थोडं, मग आणखी थोडं, असं करत ते अगदी सावकाश पाण्यात आडवं झालं. बाबा एक पाऊल पुढे गेले आणि थांबले. त्यांनी डोक्यावरचं पोतं काढून हातात धरलं. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत राहिला.

खड्डा काठोकाठ भरला तसं पाणी पुन्हा रस्त्यावर आलं. रस्ता ओलांडून आमच्या पायरीशी आलं. पायरी चढलं. मी आणि मावशींनी मुलं उचलायला सुरुवात केली होती. भोपळा माझ्या खांद्यावर होता. मी दाराशी पाहिलं, पाणी उंबऱ्याला टेकलं होतं, एक बोट आणखी चढलं की आत. मी देवाला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. आणि सर ओसरली. एकदम नाही, हळूहळू. पाणी उंबऱ्याशी थांबलं, जरा वेळ तिथेच डुचमळत राहिलं, मग पायरीवरून खाली सरकलं.

चटया कोरड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यातलं बरंचसं पाणी जिरलं होतं. तळाशी चिखल आणि त्यात आडवं पडलेलं झाड. सगळी बाग बघायला जमली. जो तो वाकून बघत होता आणि मान डोलवत होता. लोकांनी बाबांची पाठ थोपटली. गणिताच्या बाई म्हणाल्या, “वहिनींनी लावलेलं हो.” खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, मी नाही म्हणत नाही.

मग बेकरीवाले हात चोळत म्हणाले, “पण काम फत्ते झालं की नाही? पाळणाघर वाचलं! म्हणजे हिशेब सरळ आहे. एवढा खड्डा पुरे आहे. आता बाकीच्यांना खणायची गरजच नाही.”

“हो, हो,” दोघं-तिघं म्हणाले. सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. कुणीतरी चहा करू या म्हणालं. लोक आपापल्या वाफ्याकडे वळले, पावसानं काय मोडलं काय राहिलं बघायला.

मी बाबांकडे पाहिलं. आता ते बोलतील, एवढे दिवस मनात धरून ठेवलेलं सगळं एकदाचं बाहेर काढतील असं वाटलं. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चिखलात उतरले आणि झाड ओढून बाजूला केलं. मग झाड होतं त्याच जागी कुदळ मारली.

“बाबा, आता काय करताय?”

“झाडाची जागा मोकळी झाली ना,” मान वर न करता ते म्हणाले. “इथे आणखी दोन-चार बादल्या मावतील.”

दोन-चार बादल्या! वर आभाळ पुन्हा काळं झालेलं. घरात मावशींनी मुलं घ्यायला सुरुवात केली होती, दारात छोटे बूट ओळीनं लागत होते. आणि हा माणूस बायकोचं झाड उपटून त्या जागी बादल्या मोजत होता, चार पावलांवर लाल टोमॅटो डुलत असताना.

मी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. बाबांच्या खड्ड्याला लागून बेकरीवाल्यांचा वाफा आहे. त्याची पहिली फळी लाथेनं पाडली आणि फावडं आत घातलं.

“ए, ए! काय चाललंय?” बेकरीवाले धावत आले. “अगं पोरी, डोकं ठिकाणावर आहे का? फळं धरलीत!”

“बाळा, नको,” बाबा खालून म्हणाले. “त्यांचा वाफा आहे तो.”

“वाफा त्यांचा असेल,” मी म्हटलं. “पाणी माझ्याकडे येतं.” आणि दुसरं फावडं घातलं. ही वरची काळी माती बाबांचीच होती, मला हाताला कळलं.

बेकरीवाले बोलत सुटले. माझं लहानपण काढलं, आईचं नाव घेतलं, बिस्किटांचीही आठवण करून दिली. मी खणत राहिले. माणसं पुन्हा गोळा झाली. फावडं कुणी माझ्या हातातून घेतलं नाही आणि मदतीलाही कुणी उतरलं नाही. थेंब पडायला लागले. बेकरीवाल्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आमच्या दाराकडे, तिथे भोपळा बूट उलटे घालून उभा होता.

मग ते खाली वाकले आणि टोमॅटोच्या काठ्यांना बांधलेल्या दोऱ्या एकेक करून सोडायला लागले. तोंडानं मात्र मला शिव्या देणं चालूच होतं.